दर रविवारची बिफोर

"हे बघा. हे बिफोर."

सर असंच म्हणायचा. 'ही' नाही, 'हे'. फळा दाखवावा तसं माझ्याकडं बोट. समोर खुर्च्यांवर साठ-सत्तर लोक. कोणाची आई, कोणाचा बाप, बारावी झालेल्या पोट्ट्या, इंटरव्ह्यूमध्ये आपटलेले पोट्टे. मागं बॅनर, बॅनरवर सरचा हसरा फोटो. रविवार, सकाळचे दहा. इंग्लिश स्पीकिंगचा फ्री डेमो. हॉल वरच्या मजल्यावर, खाली चहाची टपरी अन् झेरॉक्सचं दुकान.

"कोराडीवरून येते ही. वडील राखेच्या कामावर आहेत, कंत्राटदाराकडे. घरात इंग्रजीचं वातावरण? शून्य! बोल गं. ओळख करून दे."

अन् मी बोलायची. केसांले तेल चोपडलेलं, दोन वेण्या, कोपराजवळ विटलेला जुना ड्रेस. तेल लावायले सरनं सांगतलेलं. ड्रेस सरनं निवडलेला. वाक्यं सरनं लिहून दिलेली.

"माय फादर ड्रिंक्स सिगरेट. येस्टरडे आय सॉ वन ड्रीम. आय गेव्ह माय एक्झाम, बट टू मी फीवर केम. सर, ओपन द फॅन."

पंख्यावर सगळ्यात जास्त हसायचे लोक. सरले ते ठाऊक होतं, म्हणून पंखा शेवटी ठेवलेला. हसणं थांबेपर्यंत तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहायचा, अन् मग म्हणायचा, "हसू नका, हसू नका. हिचा दोष नाही."

माझा बाप सिगारेट पीत नाही. कधीच प्यायला नाही. पंचवीस वर्षं राख ओढून राहिला तो, त्याले सिगारेट कायले पाहिजे?

मग सर ओरडायचा, "अँड नाऊ, आफ्टर!" अन् बाजूच्या खोलीतून रिया यायची. ब्लेझर, मोकळे केस, चपला टकटक वाजत. रिया सरच्या चुलत बहिणीची पोरगी. केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्या क्लासच्या बाकावर एक दिवस बसली नाही. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "टू इयर्स अगो, आय वॉज जस्ट लाइक हर." अन् हर म्हणताना ती माझ्याकडं पाहायची. टाळ्या पडायच्या. लोक फॉर्म भरायले रांग लावायचे. मी मागच्या जिन्यानं खाली उतरायची अन् कोराडीची बस पकडायची.

दोन वर्षं. दर रविवारी.

आता कोणी म्हणन, काहून गेली मग? कोणी हात धरून नेलं होतं का? बरोबर आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमची वस्ती वीज केंद्राच्या स्टाफ कॉलनीच्या भिंतीबाहेर. भिंतीच्या आत इंजिनियरांचे क्वार्टर, बाग, क्लब. भिंतीच्या बाहेर आम्ही. राख दोन्हीकडं सारखीच पडते, एवढंच काय ते बरोबरीचं. वाळत घातलेली चादर झटकल्याशिवाय घडी करता येत नाही. माझी आई गांधीबागेच्या बाजारातून साड्या आणते, फॉल-पिको करून परत नेऊन देते. मी बी.ए. झाली तेव्हा तिनं वस्तीत पेढे वाटले. अन् तीन महिन्यांनी एका मोठ्या शोरूममध्ये मुलाखतीले गेली, तर समोरची बाई म्हणाली, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." मले समजलं तिनं काय विचारलं. पण तोंड उघडलं अन् आवाजच नाही. बाईनं घड्याळ पाहिलं अन् पुढच्या पोरीले बोलावलं.

तिथून सरळ सरच्या क्लासात गेली. फी ऐकून उठली. सरनं थांबवलं. मले खालून वर पाहिलं, अन् म्हणाला, "फीचं राहू दे. तू रविवारी डेमोला येत जा. आणि तयार झालीस ना, तर सहा महिन्यांत तुलाच फॅकल्टी करतो. तुझ्यासारखी मुलगी शिकवायला उभी राहिली की लोकांचा विश्वास बसतो."

बाप्पा! फॅकल्टी. मी त्या दिवशी बसमध्ये उभीनं आली अन् पाय दुखले नाहीत. शिकवायचं होतं मले. लहानपणापासून दुसरं काहीच नव्हतं डोक्यात. फळ्यासमोर उभं राहायचं, खडूनं हात पांढरे करायचे, अन् समोर बसलेल्या पोरीले म्हणायचं, हं, तू सांग. आईले सांगतलं. आईनं अर्ध्या वस्तीले सांगतलं. सहा महिने झाले तेव्हा ती मशीनवर बसल्याबसल्या विचारे, "शिकवून राहिली ना वं तू आता तिथं?" मी म्हणाली, "हाव." बस, हे माझं खोटं. ते माझंच आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

पहिल्या रविवारी मी जे बोलली, ते खरंच चुकली होती. सरनं काही लिहून दिलं नव्हतं. आपल्याकडं ताप येते, म्हणून फीवर केम. आपण पंखा लावतो, बंद करतो, म्हणून ओपन, क्लोज. लोक हसले. अन् त्यांचं पाहून मीही हसली. हे मले आजही सहन होत नाही. ते हसले त्याचं एवढं नाही, मी हसली त्याचं आहे.

पण शिकली. कशी शिकली तेही सांगतो, कारण ते सरनं शिकवलं नाही. सर फळ्यावर नियम लिहायचा अन् पाठ करायले लावायचा. घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही. वस्तीत नाही. मग एक दिवस सुचलं. टोल-फ्री नंबर. एका फ्रिजच्या कंपनीले फोन लावला, इंग्रजीसाठी दोन दाबलं. आमच्या घरी फ्रिज नव्हता. मी म्हटलं, माझ्या फ्रिजमधून पाणी गळून राहिलं. तिकडून बाई बोलली, "आय'ल लुक इंटू इट, मॅम. कॅन आय पुट यू ऑन होल्ड?" मी लगेच वहीत लिहिलं. लुक इंटू इट. पुट यू ऑन होल्ड. मले मॅम म्हणणारी ती पहिली बाई. मॉडेल नंबर विचारला की मी फोन कापायची.

मग विमा, मग बँक, मग वॉशिंग मशीन. रोज दुपारी, आई गांधीबागेत गेली की. एकदा एका पोट्ट्यानं पकडलं. म्हणाला, "मॅम, डू यू ॲक्चुअली हॅव अ फ्रिज?" मी म्हटलं, "नो. आय हॅव अ नोटबुक." तो हसला. पण त्याचं हसणं वेगळं होतं, त्यानं फोन ठेवला नाही. विचारलं, काय लिहून राहिल्या नोटबुकात. मी वाचून दाखवलं. दोन चुका होत्या, त्या त्यानं सांगतल्या.

वहीत मी जोड्या लिहायची. कोणतं क्रियापद कोणाबरोबर जाते. मिस्टेक मेक करतात, डू नाही करत. होमवर्क डू करतात, मेक नाही. औषध टेक. सर्दी कॅच. लक्ष पे करतात, पैसे दिल्यासारखं. हिम, इट, देम असे बारके शब्द तर मधातच घुसतात. पिक हिम अप. पुट इट ऑफ. गिव्ह देम बॅक. मागं ठेवले की ऐकणाऱ्याच्या कानाले खुपते. काहून? मी कारण शोधून शोधून थकली. कारण काहीच नाही! ते लोक पिढ्यान्‌पिढ्या तसं बोलून राहिले, म्हणून ते बरोबर. कोण कोणाच्या पंगतीत बसन हे जसं घरात आधीपासून बसलेल्यांनी ठरवलं, तसंच. परीक्षा आमच्याकडं देतात, त्यांच्याकडं टेक करतात, म्हणजे घेतात. त्यात हसण्यासारखं काय आहे, सांगा ना मले.

मतलब हे अकलेचं काम नाही. कानाचं आहे. ज्याच्या घरात लहानपणापासून कानावर पडलं, त्याले ते फोकटात भेटलं. मले फ्रिज नसताना फ्रिजची तक्रार करून उचलावं लागलं. अन् हसायचं कोणी? ज्याले फोकटात भेटलं त्यानं. वा रे वा!

सहा महिन्यांनी बॅचमध्ये सरनं एक प्रश्न विचारला अन् मी उठून पाच मिनिटं बोलली. न अडखळता. सगळे माझ्याकडं पाहून राहिले. सर बोर्डाकडं वळला, काहीतरी पुसलं, अन् म्हणाला, "छान. पण रविवारी हे असं बोलू नकोस हं. रविवारी तू बिफोर आहेस." तेव्हापासून वाक्यं लिहून द्यायले लागला. पाठ करायची अन् चुकायचं. जे येते ते येत नाही असं दाखवायचं.

अन् त्याची वाक्यं संपली. लोक तीच-तीच ऐकून कमी हसायले लागले. तर मले म्हणे, "तूच लिहून आण. तुमच्या वस्तीत काय काय बोलतात ते. तुला माहीत असणार. जरा रॉ पाहिजे." मी लिहून आणलं. हो, आणलं. बसमध्ये बसून, वही मांडीवर ठेवून, माझ्याच आईच्या बोलण्याचं इंग्रजी केलं मी, लोकाइले हसवायसाठी. "मी स्वयंपाक करून राहिली" याचं "आय एम डूइंग फूड अँड स्टेइंग." त्या रविवारी पंख्यापेक्षा जास्त हसले. सरनं अंगठा दाखवला.

एक दिवस धीर करून विचारलं. "सर, फॅकल्टीचं काय झालं?"

सर हसला. चांगल्या घरातले लोक वाईट सांगायच्या आधी हसतात तसा. "तुझं इंग्रजी झालंय गं चांगलं. प्रश्न इंग्रजीचा नाही. फॅकल्टीचा एक लुक असतो. पालक बघतात कोण शिकवतंय, कुठून आलंय. आम्ही राजांच्या वेळेपासूनचे नागपूरकर, लोक आमच्या नावावर मुलं पाठवतात. तुला वाईट वाटायला नको, पण तुमच्याकडची जीभ जड असते. ती कुठेतरी कळतेच."

जीभ जड! तो स्वतः 'डिस्कस अबाउट' म्हणे. टोल-फ्रीवरच्या शंभर पोरींमधून एकही अबाउट लावत नव्हती तिथं. हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पण मी "हो सर," म्हणाली. अन् पुढच्या रविवारी पुन्हा तेल लावून गेली. का गेली? कारण अजून वाटत होतं, की देईल. थोडं अजून सहन केलं की देईल.

मग तो रविवार आला.

आमच्या गल्लीत मनोहरकाका राहतात. घरं रंगवायचं काम. बापाचे जुने मित्र, सकाळी सोबत चहा पितात. त्यांची पोरगी प्रांजली, बारावी झाली. मले न सांगता काका तिले घेऊन डेमोले आले. आईनं सांगतलं असन, आमची पोरगी शिकवते तिथं. काकानं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, नखांमध्ये मात्र निळा रंग तसाच. दुसऱ्या रांगेत बसले होते.

मी बाजूच्या खोलीतून निघाली अन् काकाले दिसली. त्यांचा चेहरा असा उजळला! त्यांनी प्रांजलीले कोपरानं ढोसलं, अन् टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये एकट्यानं. त्यांले वाटलं मॅडम आली.

"हे बघा," सर म्हणाला. "हे बिफोर."

काकाचे हात तसेच थांबले. एक हात वर, एक खाली.

पळून जावं वाटलं. पण तोंडाले दोन वर्षांची सवय, ते आपोआप उघडलं. "माय फादर ड्रिंक्स सिगरेट."

हॉल हसला. काकानं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. अन् मग तेही हसले. थोडंसं, ओठ मिटून. समजलं काहीच नव्हतं त्याइले. सगळे हसून राहिले तर आपण गप्प बसलो की अडाणी दिसू, म्हणून हसले. माझ्या बापाचा मित्र, माझ्या बापावर.

प्रांजली हसली नाही. ती माझ्या वेण्यांकडं पाहून राहिली होती. तिच्याही दोन वेण्या, तेल लावलेल्या. तिनं हळूच दोन्ही वेण्या ओढणीखाली घेतल्या.

बस. तिथंच काहीतरी तुटलं माझ्यात.

"ड्रीम," सर ओठ न हलवता म्हणाला. "ड्रीम, ड्रीम." पुढचं वाक्य.

मी माइक त्याच्या हातून घेतला. "माय फादर हॅज नेव्हर स्मोक्ड अ सिगरेट इन हिज लाइफ. फॉर टू इयर्स यू हॅव मेड मी मेक मिस्टेक्स. आय वोन्ट मेक देम एनी मोअर. टेक देम बॅक." म्हटलं, दोन वर्षं तू माझ्याकडून चुका करवून घेतल्या, आता नाही करणार, ने परत.

मग तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ ओरडला, "अरे वा! पाच मिनिटांत!" अन् टाळ्या! सगळा हॉल टाळ्या! त्यांले वाटलं हेही डेमोतलंच. बिफोरची आफ्टर झाली त्यांच्या डोळ्यांसमोर. अन् तो सर, तो काय साधा माणूस आहे? त्यानं लगेच दोन्ही हात वर केले. "दिस! दिस इज अवर मेथड!"

संताप म्हणजे काय, ते मले त्या क्षणी कळलं. दोन वर्षं कमावलेलं इंग्रजी मी तोंडावर फेकून मारलं, तर त्यानं ते झेलून खिशात घातलं. माझा रागही त्याचीच जाहिरात झाला. तेव्हा कळलं, इंग्रजीनं हे होत नाही. मी माझ्या भाषेत आली.

"थांबा जी! टाळ्या नका वाजवू. मी आज नाही शिकली. दीड वर्षापासून मले येते. हा माणूस मले दर रविवारी चुकीचं बोलायले लावते. वाक्यं लिहून देते. तेल लावून ये म्हणते, जुना ड्रेस घाल म्हणते. अन् ते पोरगी आहे ना ब्लेझरवाली, ते या क्लासात एक दिवस बसली नाही. त्याच्या बहिणीची आहे ते. विचारा तिले."

सरनं माइकची वायर काढली. मले माइक लागत नाही. राखेच्या ट्रकांच्या आवाजात आम्ही एकमेकींले हाका मारतो.

सगळे रियाकडं वळले. तिनं ब्लेझरचं बटन काढलं, लावलं, काढलं.

सर लोकाइकडं पाहून म्हणाला, "बघा. आपण मदत करायला जातो, आणि ही लोकं..." अन् थांबला.

"कोणती लोकं, सर? पुरं बोला ना. थांबले काहून?"

हॉलमध्ये काहींनी माना खाली घातल्या. मतलब सगळ्यांले समजलं होतं. मी माझ्या पिशवीतले ते चुकांच्या वाक्यांचे कागद काढून त्याच्या फळ्याजवळच्या टेबलावर ठेवले, सगळे, त्याच्या अक्षरातले अन् माझ्याही, अन् समोरच्या जिन्यानं उतरली. मागच्या जिन्यानं नाही.

खोटं कायले सांगू, सगळे काही उठून आले नाहीत माझ्या मागं. अर्धे उठले. अर्धे बसले, अन् त्यांनी फॉर्मही भरले असतील.

खाली टपरीजवळ मनोहरकाका उभे होते. प्रांजली बाजूले. काका माझ्याकडं पाहत नव्हते. "काहून सांगतलं वं पोरी, शिकवून राहिली म्हणून?"

"लाज वाटे काका."

"मले बी वाटून राहिली आता. मी हसलो वं." त्यांनी नखातला निळा रंग खरवडला. "तुह्या बापाले काय सांगू मी?"

प्रांजलीनं विचारलं, "ताई, इथं सगळ्याइलेच हसतात का?" मी म्हटलं, नाही, सगळ्याइले नाही. पुढचं तिनं विचारलं नाही.

घरी जाऊन आईले सगळं सांगतलं. ती मशीनवर होती. पाय थांबला. मी शिकवत नव्हती हे ऐकून तिनं नुसतं "बरं" म्हटलं. तेल लावायले लागे हे ऐकलं, सुईत दोरा ओवत राहिली. सिगारेटचं ऐकलं अन् एकदम उठली. "तुह्या बापाच्या तोंडात सिगारेट घातली त्यानं? लोकाइसमोर? अन् तू घालू देली?" मी पाहिली नव्हती तिले अशी कधी. बाप खाटेवर बसून होता, त्याले खोकला आला. खोकला थांबला तसा त्यानं डबा घेतला अन् पाळीवर निघून गेला. त्या दिवशी मी पोटभर रडली. सरपायी नाही. माझ्या त्या 'हो सर'पायी.

बुधवारी सरचा फोन आला. आवाज लोण्यासारखा.

"झालं ते झालं. तू चिडलीस, मी समजू शकतो. आता ऐक. आफ्टर तू हो. खरीखुरी आफ्टर! रियाचं तसंही कॉलेज सुरू होतंय. ब्लेझर मी देतो. तू फक्त सांगायचं, सरांमुळे झालं. आणि सकाळची बॅच तुझी. फॅकल्टी. बोर्डावर नाव लावतो तुझं."

खोटं नाही सांगत. बोर्डावर नाव, फळा, खडू, सगळं डोळ्यांसमोर आलं. दोन वर्षं ज्याच्यासाठी तेल लावलं, ते ताटात वाढून समोर आलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी विचारलं, "अन् बिफोर कोण?"

"ती सोय झाली गं. उमरेडची एक मुलगी आहे. फीचा प्रॉब्लेम आहे तिला. अगदी तू सुरुवातीला होतीस ना, तशीच."

"तिचं नाव काय?"

"नाव?" तो गडबडला. "नाव आहे लिहिलेलं कुठेतरी. नावाचं काय आता?"

मले ती दिसली. मी पाहिली नाही तिले, पण दिसली. तेल चोपडलेलं, हातात कागद, बापाचं काम काय ते सर सांगून राहिला. अन् बाजूच्या खोलीत ब्लेझर घालून मी उभी. अन् मी बाहेर येऊन तिच्याकडं पाहून म्हणून राहिली, आय वॉज जस्ट लाइक हर.

"मी नाही येत," म्हटलं. "बिफोर म्हणून नाही, आफ्टर म्हणूनही नाही. मले जे येते ते तुम्ही देलं नाही, तर तुमच्यामुळं झालं असं मी कायले सांगू?"

"नीट विचार कर. नागपुरात दुसरं कोणी तुला शिकवायला उभं करणार नाही."

"नका करू. मले कोणी उभं करायची गरज नाही."

फोन मी ठेवला. सरचा फोन पहिल्यांदा मी ठेवला.

शिकवायचं तर आहेच. ते मी करीनच, कुठंही करीन, त्याच्या बोर्डाशिवाय करीन. पण त्याआधी एक काम आहे. येत्या रविवारी साडेनऊले मी त्या हॉलच्या जिन्याखाली उभी राहीन. पहिल्या पायरीवर. उमरेडची ती पोट्टी येईन, तिले सगळ्यात पहिले तिचं नाव विचारीन, अन् वर तिच्यासोबत काय होणार आहे ते तिच्या तोंडावर सांगीन. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा सांगीन, मी पण तर माझ्या मनाचं दोन वर्षं ऐकलं नव्हतं. अन् वर चढणाऱ्या प्रत्येक आईले, प्रत्येक बापाले अडवून सांगीन, की फुकटचा डेमो नाही हा, वर एका पोरीले हसायसाठी तुम्हाले बोलावलं आहे. सरले पोलीस बोलवायचे असतील तर बोलवू दे. टपरीवाल्याले हाकलायले सांगायचं असन तर सांगू दे. मी तिथून हलणार नाही. ज्याले हसायचं आहे, त्यानं माझ्या डोळ्यात पाहून वर जावं.